अर्धवट चिकटवलेलं ‘टेरियर’ : जुन्या व्हाइट मेटल किटचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इंग्लंडातल्या रेडिंगच्या एका मॉडेल रेल्वे प्रदर्शनात, जुन्यापुराण्या सामानाच्या टेबलावर तुम्हाला ‘टेरियर’ इंजिनाचं ओओ मापाचं (खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर) व्हाइट मेटल किट, म्हणजे शिसं-कथलाच्या मऊ मिश्रधातूचे सुटे भाग, २० पौंडांना मिळालं. आधीच्या मालकानं ते निम्मंअर्धं जोडून सोडून दिलंय. केबिन वाकडी बसलीय, सांध्यांतून गोंदाचे पिवळे ओघळ आलेत, वर हिरव्या रंगाचा जाड थर आहे, पाण्याच्या टाक्यांच्या आत पांढरी भुकटी दिसते आणि चासी (चाकांची खालची चौकट) टेबलावर ठेवली की एक चाक हवेत राहतं. मित्र म्हणतो, हे फेकून दे आणि त्याच किटची सीलबंद पेटी शोध. तुम्ही आयुष्यात कधी सोल्डरिंग केलेलं नाही. आता काय करावं?

फेकू नका. मी डर्बीत राहून गेली तीसेक वर्षं ही किटं बांधतोय, आणि नवशिक्याला मी अर्धवट बिघडवलेलंच किट घ्यायला सांगतो. सीलबंद पेटीला संग्राहकांचा भाव असतो. ती उघडताना हात थरथरतो, आणि उघडल्यावर आत जी ओतीव कामं निघतात ती तुमच्याकडे आहेत तितकीच ओबडधोबड असतात. एखादा तुकडा साच्यात नीट भरलाच नव्हता हेही तेव्हाच कळतं. तुमच्या किटात कुठला भाग कुठे अडतो, कुठला मुळातच आखूड आहे, हे आधीच्या माणसानं स्वतःच्या खर्चानं दाखवून ठेवलंय. शिवाय टेरियर ही निवड चांगली आहे. सिलिंडर आतल्या बाजूला, त्यामुळे बाहेर पिस्टन रॉड नाहीत, व्हॉल्व्ह गिअर नाही. तीन जोड्या चाकं आणि त्यांना जोडणारे कपलिंग रॉड, एवढंच. पहिल्याच वेळी वालशर्ट्स गिअरचं, म्हणजे बाहेर हलत्या दांड्यांची जाळी असलेलं, मोठं इंजिन घेऊन बसलेल्यांची बरीच किटं अशाच टेबलांवर पुन्हा विकायला येतात.

आधी खऱ्या इंजिनाबद्दल दोन शब्द, कारण मापं तिथूनच काढायची आहेत. विल्यम स्ट्राउडली यांनी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेसाठी १८७२ ते १८८० या काळात ब्रायटनच्या कारखान्यात अशी ५० इंजिनं बांधली. धुराड्यातून येणारा आवाज छोट्या कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, म्हणून नाव टेरियर. वजनाला इतकी हलकी, की हेलिंग बेटाकडे जाणाऱ्या शाखेवरच्या लाकडी पुलावरून दुसरं काही चालेना, आणि १९६३ मध्ये ती शाखा बंद होईपर्यंत हीच तिथे धावत राहिली. आजही १० शिल्लक आहेत. चाकाचा व्यास ४ फूट, पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर १२ फूट, मधला आस बरोबर मध्यावर. आपल्या मापात एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे चाक १६ मिलिमीटरचं आणि आसांमधलं अंतर २४ अधिक २४. हे आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. पुढे उपयोगी पडतील.

पहिलं काम तोडण्याचं. ऐकायला भयंकर वाटतं, पण तुमचा आधीचा मालक गोंदवाला निघाला हे नशीब समजा. ते पिवळे ओघळ दोन नळ्यांच्या इपॉक्सीचे आहेत, आणि इपॉक्सीला उकळतं पाणी सोसत नाही. जुन्या बाजारातून एक पातेलं आणि एक चहाची गाळणी आणा आणि दोन्हींवर रंगानं फुली मारा. ती परत स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. मोटर, चाकं, प्लॅस्टिकचं जे काही असेल ते आधी काढा. पाणी उकळलं की गॅस बंद करून बॉडी आत सोडा. पाचसात मिनिटांनी चिमट्यानं बाहेर काढा, जाड हातमोजे घाला आणि सांध्यात बोथट पातं सरकवून हलकेच पिरगाळा. नाही सुटलं तर परत पाण्यात. जोर लावायचा नाही, कारण धातूही गरम असताना मऊ असतो आणि पायरीसारखा बारीक भाग सांध्याआधी वाकतो. बारके तुकडे गाळणीत ठेवूनच बुडवा. मी एकदा दोन बफर पाण्याबरोबर सिंकमध्ये ओतून दिले आणि रात्री अकराला नळाखालचा पाइप उघडून बसलो होतो.

रंग काढायला जेलसारखा पेंट रिमूव्हर चालतो. पूर्वीचे जहाल, डायक्लोरोमिथेनवाले आता घरगुती वापरासाठी विकत नाहीत. हल्लीचे हळू काम करतात, रात्रभर लावून ठेवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. आपल्याकडे पितळी भांडी चिंचेनं, लिंबानं लख्ख करायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगतो : चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही या धातूला लावू नका. यात शिसं आहे, आणि त्या आम्लांनी शिसं विरघळणाऱ्या स्वरूपात हाताला लागतं.

आता ती पांढरी भुकटी. ती दोन प्रकारची असू शकते. न जोडलेल्या सुट्या भागांवर, सगळीकडे सारखी, पातळ, बोटाला गुळगुळीत लागणारी असेल तर ती टाल्क. ही किटं रबराच्या चकतीसारख्या साच्यात, साचा गरगर फिरवून ओततात, आणि धातू नीट पसरावा, चिकटू नये म्हणून साच्यावर टाल्क मारतात. साबणाच्या पाण्यानं ती जाते. पण तुम्ही लिहिलंय की भुकटी टाक्यांच्या आत आहे, आणि तिथे छऱ्यांसारखं काहीतरी चिकटवलेलं दिसतं. मग ती शिशाची सड आहे. इंजिनाला वजन यावं म्हणून आधीच्या माणसानं शिशाचे छरे भरलेत आणि ते पांढऱ्या सुतारी गोंदानं, म्हणजे पीव्हीएनं, चिकटवलेत. त्या गोंदातून सावकाश ॲसिटिक आम्ल सुटतं, शिशाचं कार्बोनेट होतं, आणि ते मूळ शिशापेक्षा जास्त जागा व्यापतं. माझ्याकडे कपाटात ठेवलेल्या एका पॅनियर टँक जातीच्या इंजिनाची टाकी अशीच फुगली होती. बाहेरून रंगावर केसाएवढी रेघ दिसत होती. मी ती फिलरनं भरली, रंग दिला, आणि दोन वर्षांनी रेघ परत आली, या वेळी नखाएवढी रुंद. आत उघडून पाहिलं तर छरे ओल्या रांगोळीच्या गोळ्यासारखे झाले होते. दोष माझाच, गोंद मीच ओतला होता.

ही भुकटी विषारी आहे. फुंकू नका, कोरडी खरवडू नका. पाणी मारून ओली करा, लाकडी काडीनं सगळी उकरून काढा, ओल्या कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात भरा आणि नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. छरे परत वापरू नका. पुढे वजन घालायचं झालं तर शिशाचा पत्रा इपॉक्सीनं चिकटवा, पीव्हीएनं कधीच नाही. आणि तयार इंजिन ओकच्या लाकडी कपाटात ठेवू नका. ओकमधूनही तेच आम्ल सुटतं. संग्रहालयांनी हा धडा शिशाच्या वस्तू गमावून घेतलाय.

जाता जाता : जुन्या तयार मॉडेलांच्या चासी कधी कधी आपोआप तडकून भुगा होतात, तो रोग वेगळा. तो जस्ताच्या मिश्रधातूचा, मॅझॅकचा. व्हाइट मेटलला तो होत नाही. कुणी त्यावरून घाबरवलं तर दुर्लक्ष करा.

व्हाइट मेटल म्हणजे काय हे मला शाळेत कळायच्या आधी घरात कळलं होतं. वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतायचं, आसाला निळी लावून फिरवायचं, जिथे निळी उठते तिथे स्क्रेपरनं केसभर खरवडायचं आणि पुन्हा फिरवून बघायचं, हे त्यांचं रोजचं काम. आपल्या किटांतला धातू त्याच कुळातला : कथील, शिसं, अँटिमनी, कधी थोडं बिस्मथ. मऊ, लवकर वितळणारा, बारीक नक्षी उचलणारा. जुन्या किटांत शिशाचं प्रमाण बरंच असतं. म्हणून कानस चालवताना भाग ओला ठेवा, टेबलावर चहाचा कप नको, काम झालं की हात कोपरापर्यंत धुवा आणि लहान मुलं घरात असतील तर भुगा लगेच ओल्या फडक्यानं पुसा. हातमोज्यांचं सोंग करण्यापेक्षा नखं साफ करणं जास्त महत्त्वाचं.

कानशींचा वेगळा संच करा. व्हाइट मेटल कानशीच्या दातांत बसतं आणि मग ती कानस पितळेवर नुसती घसरते. आधी खडू घासला तर थोडं कमी भरतं.

चासी आधी, बॉडी नंतर. हा क्रम मोडू नका. बॉडी कितीही देखणी झाली तरी इंजिन लडखडत चाललं तर आठवड्यात ते फडताळात जातं.

तुमच्या चासीचं एक चाक हवेत आहे. ओट्याच्या ग्रॅनाइटचा एखादा उरलेला तुकडा दगडवाल्याकडून मागून आणा, याहून सपाट पृष्ठभाग घरात फुकट मिळणार नाही. चासी त्यावर ठेवा आणि प्रत्येक चाकाखाली सिगारेटचा पातळ कागद सरकवून बघा. कागद अडतो ती चाकं टेकलेली. कोपऱ्यातलं चाक हवेत असेल तर चौकट पिळली गेलीय. मधलं असेल तर मधल्या बेअरिंगचं भोक वर गेलंय, आणि यात वाईट काही नाही. मी स्वतः ताठ चासीत मधला आस पाव मिलिमीटर वरखाली हलेल इतकं भोक उभं कोरून देतो. रूळ कुठे सपाट असतात? मधली जोडी हलती राहिली तर बाहेरच्या चारांचा रूळ सुटत नाही. पिळलेल्या चौकटीला मात्र इलाज एकच : चौकटीच्या दोन बाजूंना अंतरावर धरणाऱ्या स्पेसरचे स्क्रू सैल करा, तिन्ही बेअरिंगांतून तीन सरळ, लांब सळया घाला. आस ३.१७५ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेवढ्याच जाडीच्या सिल्व्हर स्टीलच्या सळया मिळतात. वरून बघा. तिन्ही सळया एकमेकींना समांतर आणि चौकटीला काटकोनात असल्या पाहिजेत. गुण्या लावा. मग सळया तशाच ठेवून स्क्रू आवळा. चौकट सोल्डरनं जोडलेली असेल तर सांधा गरम करून हेच करायचं.

त्यानंतर कपलिंग रॉड. रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि आसांमधलं अंतर तंतोतंत सारखं हवं. त्या कागदावरचं २४ आठवतंय ना? व्हर्निअरनं दोन्ही मोजा. जुन्या किटांत चौकटीत २४.१ आणि रॉडमध्ये २३.८ असं सर्रास निघतं, आणि तेवढ्या फरकानं इंजिन प्रत्येक फेऱ्यात एकदा गचका खातं. लोक मोटरला शिव्या देतात. रॉडची भोकं गोल सुईकानशीनं किंचित मोठी केली तर थोडा फरक पचतो. पण फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर असेल तर रॉड बदला. कोरीव पितळी पत्र्याच्या किंवा निकेल सिल्व्हरच्या नव्या चासी मिळतात आणि व्हाइट मेटलच्या जुन्या बॉडीखाली त्या छान बसतात. तुमच्या बाबतीत मी नव्या चासीकडे झुकेन, पण आधी जुनी दुरुस्त करून बघा. शिकायला तीच उपयोगी.

चाकं बदलाच. पेटीतल्या जुन्या चाकांपैकी एक तर नाहीच आहे, आणि उरलेली आसावर नुसती दाबून बसवलेली दिसतात. डाव्या बाजूच्या क्रँकपिना (चाकावरच्या, रॉड अडकवायच्या खुंट्या) उजव्या बाजूच्या क्रँकपिनांच्या ९० अंश पुढे किंवा मागे असाव्या लागतात. खऱ्या इंजिनातही तसंच असतं. दोन्ही बाजू एकाच वेळी मृतबिंदूवर, म्हणजे जिथे रॉडचा रेटा चाक फिरवू शकत नाही तिथे, आल्या तर इंजिन जागचं हलणारच नाही. दाबून बसवलेल्या चाकांवर हा कोन डोळ्यांनी जुळवणं नवशिक्यासाठी छळ आहे. रोमफर्ड पद्धतीची चाकं, आता मार्किट्स नावानं मिळतात ती, आसाच्या चौकोनी टोकावर बसतात. कोन आपोआप जुळतो, नटनं आवळलं की झालं. चाकांच्या आतल्या दोन पाठींमधलं अंतर ओओसाठी १४.५ मिलिमीटर.

जोडताना सगळे रॉड एकदम लावू नका. आधी मागच्या दोन आसांचे रॉड दोन्ही बाजूंना लावा, मोटर न जोडता चासी उतरत्या काचेवर सोडा. आपोआप घरंगळत खाली आली पाहिजे. अडली तर कुठल्या स्थितीत अडली तिथे चाकावर पेन्सिलीनं खूण करा. चारपाच वेळा सोडल्यावर खुणा एकाच जागी जमा होतात, आणि ती जागा सांगते की कुठलं भोक घट्ट आहे. ते सुटलं की पुढचे रॉड. या कामाला एक अख्खी संध्याकाळ जाते, कधी तीन जातात. मला यातच खरी मजा वाटते, बायकोला मात्र मी अडीच तास एक चाक काचेवरून सोडतोय एवढंच दिसतं.

मोटर जुनी, उघड्या चौकटीची असेल तर तिचं चुंबक थकलेलं असतं. जास्त करंट खाते, तापते, ताकद देत नाही. शिवाय ती आकारानं मोठी, म्हणून तुमच्या टेरियरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या जागी मोटरचं ढुंगण आलंय. आपलं हे ओओ मापच मुळात त्या काळच्या मोटरींमुळे जन्मलं : ब्रिटिश इंजिनं अंगानं लहान, मोटर आत मावेना, म्हणून बॉडी फुटाला ४ मिलिमीटरनं केली आणि रूळ ३.५ मिलिमीटरच्या मापाचे, १६.५ चे, तसेच ठेवले. हिशोब करा, खऱ्या रुळांत हे ४ फूट दीड इंच होतं, खरं अंतर मात्र ४ फूट साडेआठ इंच. आता बोटाच्या पेराएवढ्या मोटरी आणि गिअरबॉक्स मिळतात, एक घ्या आणि केबिन मोकळी करा. वरचं व्हाइट मेटल वजन पुरवतंच, लहान मोटर भरपूर ओढते. मोटर मी एकदा पेटीतलीच वापरायचा हट्ट केला होता, कंपनीचं नाव घेत नाही. तासाभरात जळक्या वार्निशचा वास सुटला.

आता तुमची खरी भीती, सोल्डर. साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं, व्हाइट मेटल त्याच्या कितीतरी खाली वितळतं. माझ्या पहिल्या किटात केबिनची पायरी चिकटवताना ४० वॉटचं आयर्न लावलं. पायरी होती, मग वाटाणा होता. म्हणून दोन गोष्टी लागतात : तापमान ठरवता येणारं आयर्न, आणि ७० अंशांना वितळणारं सोल्डर. आयर्न १५० च्या आसपास ठेवून सुरुवात करा, किटाच्या टाकाऊ दांड्यांवर सराव करा, हळूहळू वाढवा. जुने लोक दिव्याचा डिमर आयर्नला जोडत. ते करू नका. या सोल्डरमध्ये बिस्मथ, शिसं, कथील आणि बहुधा कॅडमियमही असतं, तेव्हा खिडकी उघडी हवी.

केबिनची बाजू फुटप्लेटला (बॉडीच्या तळाची सपाट पट्टी) लावायची आहे असं धरा. सांध्याच्या दोन्ही कडा काचतंतूच्या ब्रशनं घासून चकचकीत करा (त्याचे तंतू बोटात घुसतात, तेवढ्यापुरते हातमोजे). बाजू लाकडी ठोकळ्याला टेकवून गुण्यानं उभी करा. पातळ फॉस्फोरिक आम्लाचा फ्लक्स (सोल्डर पसरायला मदत करणारा द्रव) ब्रशनं आतल्या कोपऱ्यात लावा, भरपूर. आयर्नच्या टोकावर मोहरीएवढं सोल्डर उचला आणि कोपऱ्यात टेकवा. चर्र आवाज होतो, वाफ उठते, आणि सोल्डर पाऱ्यासारखं सांध्यातून पळतं. ते पळालं की आयर्न वर, त्याच क्षणी. आधी दोन टोकांना एकेक ठिपका, मग गुण्या लावून बघा, मग मधली रेघ. चुकलं तर? तेच पातेलं. सोल्डर ७० ला सुटतं, पाणी १०० ला उकळतं. सगळा सांधा बुडवून वेगळा करता येतो, एकही भाग खराब न होता. म्हणूनच म्हणतो, सोल्डरला भिण्याचं कारण नाही. काम संपलं की साबणाच्या पाण्यानं धुवा, फ्लक्स राहिला तर रंगाखाली फुलतो.

पितळेला मात्र हे सोल्डर धरत नाही. पितळी पट्टी व्हाइट मेटलला जोडायची तर आधी पितळेवर १४५ अंशांच्या सोल्डरचा पातळ थर द्यायचा आणि मग त्या थरावर ७० वालं. लहानपणी दारात कल्हईवाला यायचा. भात्यावर भांडं लाल करायचं, नवसागराची चिमूट, पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्यानं कथील एका फटक्यात आतून फिरवायचं. तुम्ही करताय ती तीच कल्हई, नखाएवढ्या जागेवर.

हँडरेलच्या खुंट्या, दिव्यांचे ब्रॅकेट, शिट्टी असे बारीक भाग मी सरळ सुपरग्लू किंवा इपॉक्सीनं लावतो. यावर नाक मुरडणारे असतात. मुरडू द्या. पाच मिनिटांच्या इपॉक्सीपेक्षा रात्रभर सुकणारी घ्या, जास्त पक्की बसते आणि दिशा सुधारायला वेळ देते.

बॉडीत तीन जागा सांभाळा. पहिली, फुटप्लेट. ती वाकलेली असणार, कारण पाच दशकं पेटीत तिच्यावर बॉयलर पडून होता. गरम पाण्यातून काढून ग्रॅनाइटवर दोन्ही अंगठ्यांनी दाबत सरळ करा, थंडगार असताना पिरगाळलंत तर तडकू शकते. ती सरळ झाल्याशिवाय वर काहीही लावायचं नाही. तुमची केबिन वाकडी आहे ती याच कारणानं, पैज लावतो. दुसरी, केबिनच्या कडा. ओतीव भिंत साधारण १.२ मिलिमीटर जाड असते, म्हणजे खऱ्या इंजिनावर साडेतीन इंचांहून जाड पोलादी भिंत! सगळी पातळ करणं शक्य नाही, पण दारांच्या आणि खिडक्यांच्या कडा आतून तिरक्या कानसून धारेसारख्या केल्या की बाहेरून ती पत्र्याची वाटते. एवढ्या एका गोष्टीनं जुन्या किटाचं वय कमी दिसतं. तिसरी, चाकांवरच्या स्प्लॅशरांची, म्हणजे चाकं झाकणाऱ्या कमानींची, आतली बाजू. धातूचं चाक धातूच्या बॉडीला टेकलं की शॉर्ट सर्किट, आणि ते फक्त वळणावर होतं, म्हणून महिनाभर सापडत नाही. आत सिगारेटचाच कागद वार्निशनं चिकटवा.

बॉयलर दोन अर्धांचा असेल तर शिवणीत ७० चं सोल्डर ओतून, कानसून, पॉलिश पेपर मारा. फिलर बसतो, आकसतो आणि रंगाखालून रेघ पुन्हा दिसते. हँडरेलची भोकं अर्धा मिलिमीटरची, हातानं फिरवायच्या पिन व्हाइसनं, ड्रिलच्या टोकाला रॉकेलचा थेंब लावून. नाहीतर धातू टोकाला गुंडाळतो आणि ड्रिल आत तुटतं. सगळं जुळलं की इंजिन मधल्या चाकाखाली पेन्सिल आडवी ठेवून तोलून बघा. मागे कलत असेल तर धूरपेटीत, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकात, थोडं वजन, पुढे कलत असेल तर कोळशाच्या बंकरमध्ये.

रंगाबद्दल एकच सांगतो. आधी धातूला धरणारा ‘एच’ (etch) प्रायमर, मग जे आवडेल ते. पण तुमच्या पेटीवर ‘इम्प्रूव्ह्ड इंजिन ग्रीन’ लिहिलंय म्हणून आधीच्या माणसानं ते हिरवं रंगवलं, त्यात त्याची फसवणूक झालीय. स्ट्राउडली यांच्या त्या हिरव्याचं नाव हिरवं, रंग मात्र सोनेरी पिवळा, पिकल्या हापूसच्या सालीच्या जवळचा. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘बॉक्सहिल’ नावाचं टेरियर त्या रंगात उभं आहे, एकदा प्रत्यक्ष बघून या.

तो रंग तुमच्या इंजिनाला शोभेल की नाही हे मात्र धूरपेटीवर ठरतं. १९११ पासून यांतल्या बऱ्याच इंजिनांना नवे बॉयलर बसवले, त्यांना ए१एक्स म्हणतात, आणि त्यांची धूरपेटी मूळ ए१ पेक्षा पुढे लांबलेली असते. लांब धूरपेटीवर तो पिवळा रंग दिलात तर काळ जुळणार नाही, मग सदर्न रेल्वेचा हिरवा किंवा ब्रिटिश रेल्वेजचा काळा बघावा लागेल. बॉडी सुटी झाली की धूरपेटीचा एक फोटो अगदी बाजूनं, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून काढा आणि पाठवा. आणि फुटप्लेट सरळ केल्यावर तिचाही एक, ग्रॅनाइटवर ठेवून, पलीकडून दिवा लावून. खालून उजेड दिसला तर अजून दाबायचं बाकी आहे.